चित्रकथा काढली, आता विकायची कशी?

लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने सभाच रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी आपले भाषण १९३६ साली स्वखर्चाने छापले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. आज वाशीम, रिसोड, मंगरूळपीरच्या आपल्या मुला-मुलींनी स्वतःची चित्रकथा छापायचे ठरविले, तर त्यात नवल नाही. मात्र आम्ही पालकांना कळकळीने सांगतो, बचतगटाचे कर्ज काढून एकदम हजार प्रती छापू नका.

ए-फोर आकाराचे चार कागद दोन्ही बाजूंनी छापून मधोमध दुमडले, पिना मारल्या, की सोळा पानांची पुस्तिका तयार होते. आधी पन्नासच प्रती झेरॉक्सवर काढा. कागद-छपाई, प्रवासभाडे आणि विक्रेत्याचे कमिशन धरूनच किंमत ठरवा.

आपला वाचक जेथे जमतो तेथे जा. १४ एप्रिलची जयंती, अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला दादर. तेथे आपली माणसे घरी जाताना पुस्तक घेऊनच जातात. स्वतःचा स्टॉल परवडत नसेल तर ओळखीच्या पुस्तकविक्रेत्याकडे दहा प्रती ठेवा, पावती घ्या. मुखपृष्ठावरचे नाव लांबून वाचता यावे. लहान मुलांना पाने चाळू द्या. मलपृष्ठावर किंमत व मोबाइल नंबर छापा.

नातेवाइकांनीही फुकट प्रत मागू नये, विकत घ्यावी. विकलेली प्रत न् प्रत वहीत लिहा. पन्नास संपल्या, की मगच पुढच्या शंभर काढा.