होळी, पुरणपोळी आणि दोन फूट बर्फ

पुरणपोळीवर तूप पडलं तेव्हा दुपारचे पावणेदोन वाजले होते आणि माझं लक्ष ताटात नव्हतं. १२ मार्च २०१७, रविवार, होळीचा दिवस. अमेरिकेत त्याच पहाटे घड्याळं तासभर पुढे गेली होती. त्यामुळे एरवी पाऊणच्या सुमाराला यायला लागणारं युरोपियन हवामान-मॉडेल आज नेमकं जेवणाच्या वेळेवर आलं होतं. मांडीवर फोन, ताटात पोळी. "आधी जेव. बर्फ कुठे पळून जात नाही," बायको म्हणाली. मार्चमधला बर्फ पळून जातो, हीच त्याची खोड आहे. पण पोळी वाढणाऱ्या माणसाशी वाद घालू नये, एवढं शहाणपण न्यू जर्सीत राहूनही टिकलं आहे.

मंगळवारी वादळ येणार हे तोवर गल्लीतल्या पोरांनाही कळलं होतं. प्रश्न होता किती बर्फ पडणार, याचा. आणि या 'किती'वर रात्रंदिवस खल करणारी एक जमात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर आहे. कुणी शाळामास्तर, कुणी ट्रक चालवणारा, कुणी बँकेतला. स्वतःला ते थट्टेने 'स्नो विनी' म्हणवतात. जुलैमध्ये मुंबईत ऑरेंज अलर्टचा रेड होणार का, यावर जे फोन हातात घेऊन तावातावाने बोलतात, त्यांचे हे सख्खे मावसभाऊ. मी दोन्हीकडचा.

या खेळाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. जागतिक वेळेनुसार शून्य, सहा, बारा आणि अठरा वाजताची निरीक्षणं संगणकात जातात. हवेचे चौकोनी ठोकळे पाडून पुढे त्यांचं काय होईल याची गणितं सुटतात आणि काही तासांनी नकाशे बाहेर पडतात. अमेरिकेचं 'जीएफएस' दिवसातून चारदा येतं आणि थेट ३८४ तास, म्हणजे सोळा दिवस पुढचं सांगतं. त्यातल्या शेवटच्या आठवड्यावर विश्वास ठेवणाऱ्याने भेंडवळच्या घटमांडणीला हसू नये. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या केंद्राचं ते 'युरो'. २०१७ साली त्याचे ठोकळे नऊ किलोमीटरचे होते, जीएफएसचे तेराचे. शिवाय युरो एकच उत्तर देऊन थांबत नाही. सुरुवातीच्या आकड्यांत थोडाथोडा फरक करून तेच गणित एकावन्न वेळा सोडवतं. ही एकावन्न उत्तरं एकमेकांच्या जवळ पडली तर भरवसा वाढतो, विस्कटली तर कुणी छातीठोकपणे काही बोलू नये. तरी बोलतातच.

युरोचा दबदबा वाढला तो २०१२ च्या सँडी वादळामुळे. ते समुद्रात निघून न जाता डावीकडे किनाऱ्यावर वळेल, हे त्याने बरंच आधी दाखवलं होतं. मग २०१५ चा जानेवारी आला. त्या वेळीही युरोने न्यूयॉर्कवर भरघोस बर्फ दाखवला आणि अंदाज दोन फुटांच्या वर गेला. शहरातली भुयारी रेल्वे बर्फासाठी पहिल्यांदाच बंद ठेवली गेली. सेंट्रल पार्कात पडला ९.८ इंच. वादळ पूर्वेला थोडं सरकलं होतं आणि लाँग आयलंडच्या पूर्व भागाला खरोखरच दोन फूट मिळाले. फिलाडेल्फियाजवळच्या माउंट हॉलीच्या सरकारी हवामान कार्यालयाचे गॅरी शॅटकाउस्की यांनी तर ट्विटरवर लोकांची चक्क माफी मागितली. आपल्याकडे असं कुणी केल्याचं मला आठवत नाही.

इतकं होऊनही हवामानवेडे शिकत नाहीत. जे मॉडेल सर्वांत जास्त बर्फ देतं ते त्या दिवसाचं 'चांगलं' मॉडेल. कॅनडाच्या मॉडेलला एरवी कुणी विचारत नाही, पण त्याने अठरा इंच दाखवले की त्याचे गुण अचानक आठवू लागतात. मनातले मांडे खायचे तर त्यावर तूप कशाला कमी घ्यायचं?

मार्चमध्ये हे मांडे फार लवकर करपतात. कारणं तीन, आणि तिन्ही त्या रंगीत नकाशात सहसा दिसत नाहीत.

पहिलं कारण ऊन. मार्चच्या मध्यावर सूर्य सप्टेंबरच्या शेवटी असतो तेवढा वर असतो. ढगांतूनही तो डांबराला ऊब देतो. जानेवारीत रेंगाळत पडणारा बर्फही साचतो. मार्चच्या दुपारी तसाच पडला तर रस्ता नुसता ओला होतो. साचायचा तर तासाला इंचभर तरी कोसळायला हवा, नाहीतर रात्री पडायला हवा.

दुसरं कारण पाण्याचा हिशोब. बरेच नकाशे एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ धरतात. कडाक्याच्या थंडीत तो पंधराही होईल, पण मार्चमधला ओला, जड बर्फ कधी सहा-सात इंचांवरच थांबतो. फावड्याने उचलताना कंबरेला कळतं की हा सातवाला आहे.

तिसरं कारण सर्वांत दगाबाज. जमिनीवर उणे तापमान, वरच्या ढगातही उणे, पण मधे दोन-तीन किलोमीटर उंचीवर समुद्राकडून आलेल्या उबदार हवेचा पातळ थर घुसतो. शून्याच्या वर अर्धा-एक अंश, बस. बर्फाची फुलं त्या थरात वितळतात, खाली येताना पुन्हा गोठतात आणि जमिनीवर साबुदाण्यासारखे कडक दाणे तडतडतात. याला इथे 'स्लीट' म्हणतात. दहा इंच बर्फ होऊ शकणाऱ्या पाण्याचा हा साबुदाणा जेमतेम दोन-तीन इंच भरतो. आणि कित्येक नकाशे मात्र त्यालाही बर्फ समजून दहाने गुणतात! बॉस्टनपासून वॉशिंग्टनपर्यंत जाणारा आय-९५ महामार्ग म्हणजे या उबदार थराची आवडती सीमारेषा. त्याच्या एका बाजूला मुलं घसरगुंड्या खेळतात, दुसऱ्या बाजूला लोक छत्री शोधतात. आमचं घर या महामार्गापासून पाच मैलांवर आहे.

रविवारी न्यूयॉर्कसाठी 'ब्लिझर्ड वॉच' होता, सोमवारी त्याची 'वॉर्निंग' झाली. वॉच म्हणजे तयारीत राहा, वॉर्निंग म्हणजे आलंच. ब्लिझर्ड या शब्दालाही सरकारी माप आहे: ताशी ३५ मैलांचा वारा आणि पाव मैलापेक्षा कमी दिसणं, सलग तीन तास. किती बर्फ पडला याचा त्या व्याख्येशी संबंधच नाही, पण लोकांच्या कानाला ब्लिझर्ड म्हणजे दोन फूटच ऐकू येतात. शहरासाठी अंदाज होता १८ ते २४ इंच. शाळा बंद, हजारो विमानं रद्द, उघड्यावरून धावणाऱ्या भुयारी गाड्याही बंद ठेवायचं ठरलं. आमच्याकडच्या इंडियन ग्रोसरीत दुधाबरोबर कोथिंबीरही संपली होती. साताऱ्याहून आईचा फोन आला, "टीव्हीवर दाखवतायत रे, बाहेर पडू नकोस." माझ्या अंगणात अजून एक कण पडला नव्हता.

आणि सोमवारी दुपारपासून मॉडेलं डळमळू लागली. वादळाची वाट किनाऱ्याच्या जवळ सरकत होती, म्हणजे उबदार थर आत येणार होता. हवामानवेडे नकाशांइतकंच आणखी एक वाचतात, ते म्हणजे सरकारी कार्यालयांनी दर काही तासांनी लिहिलेलं 'फोरकास्ट डिस्कशन'. पंचांगातलं संक्रांतीचं फल वाचावं तसं. कुठे 'बहुधा' आलं, कुठे 'खात्री' गळली, यावर सगळा डोळा. त्या संध्याकाळी स्लीटचा उल्लेख वाढत गेला, पण वरचा आकडा हलेना.

का हलत नव्हता ते दुसऱ्या दिवशी कळलं. सोमवारी हवामान खात्याच्या अधिकाऱ्यांची फोनवर बैठक झाली होती. शहरातला बर्फ कमी होईल हे दिसत होतं. पण ऐन वेळी आकडा उतरवला तर लोक गोंधळतील, धोका टळला असं समजून गाड्या काढतील, म्हणून मोठा आकडा तसाच ठेवायचं ठरलं. मंगळवारी सेंट्रल पार्कात ७.६ इंच भरला, त्यावर साबुदाण्याचा कडक थर. दोनशेहून अधिक किलोमीटर आत, बिंगहॅम्टनला मात्र तीस इंचांच्या वर गेला. वादळ खोटं नव्हतं, त्याने पत्ता बदलला होता. न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी हवामानवाल्यांवर जाहीर तोंडसुख घेतलं.

तो निर्णय घेणाऱ्यांची अडचण मला कळते. कडक स्लीटवर गाडी जशी घसरते तशी भुसभुशीत बर्फावर घसरत नाही, त्यामुळे इशारा ठेवणं बरोबरच होतं. पण इशारा आणि आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'घरीच थांबा' हे तसंच ठेवून 'बर्फ कमी, गारठलेले दाणे जास्त' एवढं सांगता आलं असतं. लोक गोंधळतील म्हणून त्यांच्यापासून माहिती राखून ठेवली की पुढच्या खऱ्या दोन फुटांच्या वेळी ते खांदे उडवतात. मुंबईत रेड अलर्टच्या दिवशी ऊन पडलं की लोकलमध्ये हेच ऐकू येतं.

शेजारच्या म्हातारबुवांना मात्र या वादात रस नव्हता. ते निवृत्त प्लंबर, बर्फाची वही ठेवतात. अंगणात पांढरा रंग दिलेला प्लायवूडचा चौकोन, हात-दीड हात रुंद. गवतावर मोजलं तर पट्टी गवतात शिरून माप फुगतं, म्हणून ही फळी. सहा तासांनी पट्टी उभी धरायची, इंचाच्या दहाव्या भागापर्यंत वाचायचं, मग फळी पुसून पुन्हा ठेवायची. दर तासाला पुसत बसलं तर बर्फाला दबायला वेळच मिळत नाही आणि बेरीज वाढते. "सगळे जॅकपॉट असेच लागतात," ते म्हणाले. त्या मंगळवारी त्यांनी वहीत बर्फाच्या रकान्याशेजारी नुसता 'एस' लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

मार्चमध्ये अंदाज बरोबरही आले आहेत, हे त्यांच्याकडूनच ऐकलं. १९९३ च्या मार्चमधलं महावादळ पाच दिवस आधी हेरलं गेलं आणि पहिला कण पडण्याआधी काही राज्यांनी आणीबाणी जाहीर केली होती. हवामानवेड्यांची पोथी समजला जाणारा ईशान्येच्या हिमवादळांवरचा ग्रंथ लिहिणारे पॉल कोसिन आणि लुई उचेलिनी त्या वादळाबद्दल भरभरून लिहितात. १९९७ साली म्हातारबुवा बॉस्टनला होते. ३० मार्चला ईस्टरचा रविवार, लोक शर्टावर फिरत होते. सोमवार ते मंगळवारी, १ एप्रिलपर्यंत, तिथे २५.४ इंच पडला. "एप्रिल फूल म्हणून कुणी फोन केला असेल तर त्याने पैसे वाया घालवले," हे वाक्य ते दर वर्षी म्हणतात.

२०१८ चा मार्च तर वेड्यांसाठी दिवाळीच होती. २, ७, १३ आणि २१ तारखेला, तीन आठवड्यांत चार वादळं. १८ ला पाडवा होता. मागच्या अंगणात गुढी उभी केली तेव्हा कडुनिंबाच्या जागी दुकानातली कढीपत्त्याची काडी होती आणि गुढीपलीकडे सावलीत जुन्या बर्फाचा काळा ढीग. २१ ला सेंट्रल पार्कात आठ इंचांवर पडला. आता संपलं म्हणून मी फावडं गराजच्या मागे टाकलं.

२ एप्रिलला, सोमवारी पहाटे, ते पुन्हा काढलं. सेंट्रल पार्कात ५.५ इंच, एप्रिलमध्ये १९८२ नंतरचा सर्वांत मोठा बर्फ. आमच्याकडे फळीवर साडेचार. पहाटे पडला म्हणून टिकला, उन्हाआधी. आठ वाजता मोजून फळी पुसली आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी परतलो तेव्हा फळी कोरडी होती, गवत हिरवं होतं आणि डॅफोडिल्सच्या माना अर्ध्या मोडलेल्या. म्हातारबुवा पायरीवर कॉफी घेत बसले होते. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. जीएफएस, तास ३८४. पेनसिल्व्हेनियावर एक निळा डाग होता.