ताई, सिस्टर की डॉक्टर? कोणाला कशासाठी बोलवायचे

पनवेल तालुक्यातील नेरे येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. आजूबाजूची गावे आणि आदिवासी वाड्या त्याच्यावर अवलंबून असतात. पण गावात आरोग्याचे काम करणारी कोणतीही बाई आली, की आपण तिला सरसकट ‘ताई’ नाहीतर ‘सिस्टर’ म्हणतो. मग ताप आलेले बाळ घेऊन आपण अंगणवाडीत जातो आणि इंजेक्शन आशाताईंकडे मागतो. दोन्हीकडे वेळ जातो. चूक आपली एकट्याची नाही, पदांची नावेच सारखी आहेत. म्हणून ही ओळख करून घेऊ.

आशा स्वयंसेविका : गावातीलच बाई. ही योजना २००५ पासून आहे. गरोदर बाईची नोंद करणे, तिला दवाखान्यात नेणे, बाळंतिणीच्या घरी भेटी देणे, लसीकरणाची आठवण करणे ही तिची कामे. ती इंजेक्शन देत नाही.

अंगणवाडी सेविका : ही आरोग्य खात्याची नव्हे, महिला व बालविकास विभागाची. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहार व वजन, शाळेआधीचे शिक्षण आणि गरोदर व स्तनदा मातांचा आहार ती पाहते.

आरोग्य सेविका : हीच खरी ‘सिस्टर’, म्हणजे एएनएम. लस देणे आणि गरोदरपणाची तपासणी हे तिचे काम. ती उपकेंद्रात भेटते. आरोग्य सेवक हिवताप-डेंग्यूसारख्या साथींवर लक्ष ठेवतो, रक्तनमुने घेतो.

आरोग्य सहाय्यिका : नाव ऐकून ही सेविकेच्या हाताखालची वाटते. प्रत्यक्षात ती सेविकांच्या कामावर देखरेख करते. आशांच्या कामावर गटप्रवर्तक देखरेख करतात.

समुदाय आरोग्य अधिकारी : उपकेंद्रात बीपी, शुगर तपासतात, नेहमीच्या गोळ्या देतात. आजार गंभीर वाटला तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवतात.

आता पाटीविषयी. २०२३ पासून अशा उपकेंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नाव दिले आहे. ‘मंदिर’ वाचून आपल्यातील कोणी बिचकू नये. तो सरकारी दवाखानाच आहे आणि तिथे आपल्या सर्वांचा हक्क आहे.

नावाचा फटका काम करणाऱ्या बायकांनाही बसतो. ‘स्वयंसेविका’ म्हटले की पगाराचा प्रश्नच मिटतो. आशाताईंना पगार नाही, मोबदला मिळतो. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. त्या आपल्यावर उपकार करायला येत नाहीत, आपणही त्यांना फुकट राबणाऱ्या समजू नये.

आम्ही एवढेच सुचवतो. आपल्या वाडीतील आशाताई, सेविका आणि अधिकारी यांची नावे, पदे व फोन नंबर एका कागदावर लिहून भिंतीला लावा. घरातील म्हाताऱ्यांना वाचून दाखवा. मात्र छातीत कळ, जास्त रक्तस्राव, सर्पदंश किंवा अपघात असेल, तर कोणाचे पद काय हे शोधत बसू नका. थेट १०८ ला फोन करा.