कायद्याच्या वाटेनेच येते हुकूमशाही

परभणी, प्रतिनिधी : निजामाची राजवट संपविण्यासाठी सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजांना हैदराबाद संस्थानात उतरावे लागले. परभणी जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. ती सत्ता वंशपरंपरेची होती. जनतेने ती दिलेली नव्हती, त्यामुळे जनतेला ती काढूनही घेता येत नव्हती. पुढे मार्च १९७७ मध्ये याच जिल्ह्याने आणखी एका अनिर्बंध सत्तेविरुद्ध कौल दिला, तो मतपेटीतून. काँग्रेसचा पराभव करून शेतकरी कामगार पक्षाचे शेषराव देशमुख परभणीतून लोकसभेवर गेले.

या दुसऱ्या सत्तेचा उगम मात्र पूर्णतः वैध होता. १९७१ मध्ये इंदिरा गांधी यांच्या पक्षाने लोकसभेत ३५२ जागा जिंकल्या होत्या आणि त्यांत परभणीचीही जागा होती. मग रीतसर निवडून आलेले सरकार अनिर्बंध कसे होते?

जर्मनीतील ५३ दिवस

या प्रश्नाचे सर्वांत भीषण उत्तर जर्मनीत मिळते. ३० जानेवारी १९३३ रोजी अध्यक्ष हिंडेनबर्ग यांनी हिटलरची चान्सेलरपदी नियुक्ती केली, ती राज्यघटनेनुसारच. २७ फेब्रुवारीला संसद भवनाला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी घटनेतील आणीबाणीच्या तरतुदीचा आधार घेऊन नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित करण्यात आले. २३ मार्चला संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा अधिकार सरकारच्या हाती सोपविला. कम्युनिस्ट सदस्य तेव्हा तुरुंगात किंवा भूमिगत होते. जुलैपर्यंत नाझी पक्ष वगळता एकही पक्ष उरला नाही. जर्मनीची राज्यघटना औपचारिकरीत्या कधीच रद्द झाली नाही. ती केवळ निष्प्राण झाली.

भारतातील २१ महिने

जर्मनीतील संहार आणि भारतातील आणीबाणी यांची तुलना होऊ शकत नाही. सत्ता एकवटण्याच्या पायऱ्यांत मात्र साम्य आढळते. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधी यांची निवड रद्द ठरविली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी ‘अंतर्गत अशांतते’च्या कारणावरून आणीबाणीच्या घोषणेवर स्वाक्षरी केली. मंत्रिमंडळाला त्याची माहिती मिळाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले आणि विरोधी नेते गजाआड गेले. शहा आयोगाच्या आकडेवारीनुसार ‘मिसा’ व भारत संरक्षण नियमांखाली देशभरात सुमारे १ लाख १० हजार जणांना अटक झाली. येरवडा व नाशिकरोडच्या कारागृहांत समाजवादी आणि संघाचे कार्यकर्ते एकत्र राहिले. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनाही १९७६ मध्ये अटक झाली.

त्यानंतर कायदेच बदलू लागले. ३८व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीची घोषणा न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेली. ऑगस्ट १९७५ मधील ३९व्या दुरुस्तीने पंतप्रधानांच्या निवडीलाही तेच संरक्षण दिले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये त्यातील मुख्य कलम रद्द केले. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी त्याच न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी, स्थानबद्ध नागरिकाला आणीबाणीत न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही, असा निर्णय दिला. एकट्याने विरोधी मत नोंदविणारे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांना पुढे सरन्यायाधीशपद नाकारण्यात आले. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. तो निर्णय चुकीचा असल्याचे २०१७ मध्ये ज्या घटनापीठाने जाहीर केले, त्याचा मुख्य निकाल त्यांचेच पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला.

वृत्तपत्रे आणि विरोधक गप्प झाले की काय होते, याचा अनुभव महाराष्ट्रानेही घेतला. मराठवाड्याचेच शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९७६ मध्ये विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही.

उरलेले एक दार

न्यायालय, वृत्तपत्र आणि विरोधी पक्ष ही सत्तेची चूक दुरुस्त करण्याची दारे असतात. वैध मार्गाने आलेला सत्ताधीश ती एकेक करून बंद करतो आणि प्रत्येक वेळी त्याच्या हाती कायद्याचाच कागद असतो. शेवटचे दार निवडणुकीचे. लोकसभेची मुदत दोनदा वाढवून तेही लोटण्यात आले होते. जानेवारी १९७७ मध्ये इंदिरा गांधी यांनी निवडणूक जाहीर केली, तेव्हाच ते उघडले. महाराष्ट्रातील ४८ पैकी केवळ २० जागा काँग्रेसला मिळाल्या. जर्मनीला ही संधी मिळाली नाही.

१९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ या शब्दांच्या जागी ‘सशस्त्र बंड’ हे शब्द आणले, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला बंधनकारक केला आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही अबाधित ठेवला. तरीही तरतुदी स्वतःचे रक्षण करीत नाहीत. राजकारणातील विभूतिपूजा अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. म्हणून एखादा निर्णय कायदेशीर आहे काय, एवढे विचारून भागत नाही. त्या निर्णयानंतर तो चुकीचा ठरविण्याचा अधिकार कोणाकडे उरतो, हेही विचारले पाहिजे. निजामाच्या काळात परभणीकरांना हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. १९७७ मध्ये ती थोडक्यात बचावली.