मॅल्कम गेला, पण त्याच्या चाली उरल्या

शाळेचा गणवेश घालून स्टेजभर धावत गिटार वाजवणारा माणूस तुम्ही कुठल्यातरी व्हिडिओत पाहिला असेल. तो अँगस यंग. थोरला भाऊ मॅल्कम आणि त्याने १९७३ मध्ये सिडनीत एसी/डीसी हा हार्ड रॉक बँड सुरू केला.

२०१६ उजाडेपर्यंत बँड मोडकळीला आला होता. मॅल्कमला स्मृतिभ्रंश झाला. स्वतःच बांधलेल्या चाली त्याला पुन्हा शिकाव्या लागत. २०१४ मध्ये तो थांबला. गायक ब्रायन जॉन्सनला डॉक्टरांनी बजावलं, दौरा थांबवा, नाहीतर ठार बहिरे व्हाल. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये मॅल्कम गेला.

आणि तरी २०२० मध्ये 'पॉवर अप' आला! ब्रायनही परतला. गाणी बारा, आणि बाराही गाण्यांवर अँगसबरोबर मॅल्कमचं नाव. दोघा भावांनी वर्षानुवर्षं साठवून ठेवलेल्या चाली अँगसने बाहेर काढल्या आणि त्यांतून हा अल्बम उभा केला. मॅल्कमच्या जागी गिटार हाती घेतली त्यांच्या पुतण्याने, स्टीव्हीने.

यात काही नवं शोधू नका. तेच दणदणीत ठेके, तोच ब्रायनचा घोगरा आवाज, वयाच्या त्र्याहत्तरीतही. समीक्षक यालाच तोचतोचपणा म्हणतात. मला तर तो हवाच होता.

'शॉट इन द डार्क'पासून सुरुवात करा. पण अँगसच्या चमकदार सोलोकडे लगेच जाऊ नका. आधी त्यामागे शांतपणे ठेका धरून असलेली दुसरी गिटार ऐका. ती जागा मॅल्कमची.