एक्सप्लेनर : ट्रेलरवरून उतरवलेली होडी पावसाळाभर कशी उभी ठेवायची? घरगुती टेकू बनवताना ‘ही’ चूक टाळा

मे महिना संपत आला की कोकण किनाऱ्यावर होड्या वर घेण्याची लगबग सुरू होते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस मासेमारी बंदी असते. पर्यटकांना फिरवणाऱ्या लहान फायबर होड्याही याच सुमारास पाण्याबाहेर येतात. ट्रेलर दुरुस्तीला द्यायचा असतो किंवा दुसऱ्या होडीसाठी हवा असतो. मग होडी टेकूंवर उतरवली जाते. तळाची रंगरंगोटी करायलाही ते सोयीचे पडते. मात्र टेकू चुकला, तर खाली काम करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

होडीचे वजन नेमके कशावर असते?

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. होडीचा भार बाजूच्या टेकूंनी नव्हे, तर तळाच्या मधल्या कण्याखालील ठोकळ्यांनी पेलायचा असतो. बाजूचे टेकू होडी कलंडू नये एवढ्यासाठीच असतात. सगळा भार त्यांच्यावर टाकला, तर फायबरचा पातळ पत्रा आत दबतो आणि त्याला तडे जातात.

म्हणून कण्याखाली किमान दोन, शक्यतो तीन ठिकाणी जाड लाकडी ठोकळे आडवे-उभे थर देऊन रचावेत. सिमेंटचे पोकळ ब्लॉक वापरू नयेत, ते अचानक फुटतात. जांभ्याचा चिरा वापरायचाच असेल, तर त्यावर जाड फळी हवीच. नाहीतर भार एका कडेवर येऊन ती तुटू शकते.

घरगुती टेकू कसा बनवावा?

४ इंच जाडीचा चौकोनी लाकडी खांब, खाली दीड ते दोन फुटांची रुंद बैठक आणि दोन्हींना जोडणाऱ्या तिरक्या पट्ट्या, एवढे पुरेसे आहे. त्रिकोणी बांधणी असली की खांब डुलत नाही. वरच्या टोकाला साधारण एक फुटाची प्लायवूडची फळी एकाच बोल्टवर बसवावी, म्हणजे ती होडीच्या उतारानुसार फिरते. फळीवर जुन्या टायरचे रबर ठोकावे.

लहान होडीला दोन्ही बाजूंना दोन-दोन, असे चार टेकू लागतात. होडीच्या आत जिथे आडव्या पट्ट्या आहेत, तिथेच बाहेरून टेकू द्यावा. समोरासमोरचे दोन टेकू होडीखालून साखळीने जोडावेत. साखळी नसेल, तर भार आला की टेकू बाहेर सरकतात.

जमिनीचे काय?

उन्हाळ्यात टणक वाटणारी जमीन जुलैत भुसभुशीत होते. १५० किलो भार १० बाय १० सेंमीच्या खांबावर आला, तर दर चौरस सेंमीला दीड किलो दाब पडतो. त्याच खांबाखाली ४० बाय ४० सेंमीची जाड फळी ठेवली, तर दाब १६ पटींनी कमी होतो. ठोकळ्यांखालीही अशीच फळी हवी.

ट्रेलर कसा काढायचा?

आधी इंजिन उतरवावे आणि चाकांना पाचर लावावी. ट्रेलरचा पुढचा दांडा खाली घेतला की होडीचा मागचा भाग उचलला जातो. तिथे ठोकळे रचावेत. मग जॅकने दांडा वर घ्यावा. मागचा भाग ठोकळ्यांवर टेकतो. आता नाळेखाली आडवी तुळई द्यावी. तिचे दोन्ही आधार चाकांच्या बाहेर असावेत. दांडा पुन्हा खाली घेतला की ट्रेलर मोकळा होतो. पाचर काढून तो हळूहळू पुढे ओढावा. त्यानंतर कण्याखालचे ठोकळे आणि शेवटी बाजूचे टेकू लावावेत. टेकू हलकेच घट्ट करावेत. या सगळ्या वेळात होडीखाली कोणीही जाऊ नये.

पाऊस आत साचला तर?

समजा, रिकाम्या होडीचे वजन ६०० किलो आहे आणि आतला तळ ४ मीटर लांब, दीड मीटर रुंद आहे. १०० मिमी पाऊस आत साचला, तर ते ६०० लिटर म्हणजे ६०० किलो पाणी झाले. एका मुसळधार दिवसात होडी दुप्पट जड! शिवाय पाणी एका बाजूला गेले की तोलही जातो. त्यामुळे नाळ थोडी उंच ठेवून मागचे बूच काढून ठेवावे. ताडपत्रीचे दोर टेकूला कधीही बांधू नयेत. वाऱ्याने ताडपत्री फडफडली की टेकूच उपटला जातो. दोर होडीलाच बांधावेत.

हे लक्षात ठेवा

- प्रत्येक मोठ्या पावसानंतर टेकू, पाचर आणि साखळी तपासा.
- रंगकामासाठी टेकू हलवायचा असेल, तर आधी शेजारी दुसरा लावा, मगच पहिला काढा.
- टेकूंवरील होडीत चढू नका, मुलांना आसपास खेळू देऊ नका.