संगणकाचा संसर्ग आणि त्याचे पहिले अभ्यासक

पूर्वी गावात पटकीची साथ आली म्हणजे पहिला रोगी लपवून ठेवण्याकडे घरच्यांचा कल असे, आणि या लपवाछपवीमुळेच साथ एका आळीतून दुसऱ्या आळीत पसरत जाई. संगणकाच्या इतिहासातही असेच काहीसे घडले आहे. आता आपल्या शाळांतून संगणक आले असल्यामुळे तो इतिहास शिक्षकांनी समजून घेणे इष्ट होय.

संगणक स्वतः विचार करीत नाही. दिलेल्या आज्ञा तो क्रमाने पाळतो. अशा आज्ञांच्या संचास आज्ञावली म्हणतात. ती यंत्राच्या स्मृतीत इतर मजकुराप्रमाणेच साठविलेली असते. यास्तव एक आज्ञावली दुसरीत फेरफार करू शकते व स्वतःची नक्कलही काढू शकते. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४९ साली इलिनॉय विद्यापीठातील व्याख्यानांत स्वतःची प्रतिकृती निर्माण करणाऱ्या यंत्रांचा तात्त्विक विचार मांडला होता. पुढे १९७१ साली अमेरिकेत बॉब थॉमस यांनी ‘क्रीपर’ ही आज्ञावली लिहिली. ‘आर्पानेट’ या संगणकांच्या जाळ्यातून ती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाई व आपण आल्याचा संदेश उमटवी. तिने नासधूस केली नाही. तथापि तिला हुडकून पुसून टाकण्यासाठी ‘रीपर’ नावाची दुसरी आज्ञावली लिहावी लागली.

या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने आरंभिला. नोव्हेंबर १९८३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक लेनर्ड एडलमन यांच्या वर्गात त्याने आपला प्रयोग दाखविला. दुसऱ्या आज्ञावलीस चिकटून राहणाऱ्या व तिच्याबरोबर पसरणाऱ्या या आज्ञावलीस एडलमन यांनी ‘विषाणू’ असे नाव सुचविले. कोहेनने रीतसर परवानगी घेऊन पाच वेळा प्रयोग केला, आणि प्रत्येक वेळी एका तासाच्या आत त्या विषाणूने संपूर्ण यंत्रणेवर ताबा मिळविला. यावर व्यवस्थापकांनी काय करावे? यंत्रणेतील उणीव समजून घेण्याऐवजी त्यांनी पुढील प्रयोगच बंद केले! कोहेनने मात्र आपला अभ्यास सोडला नाही. कोणतीही आज्ञावली पुढे ठेवली असता ती विषाणू आहे की नाही, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे त्याने गणिताने सिद्ध केले. म्हणजेच एकदा कुलूप लावले व काम संपले, असे येथे होत नाही. जागरूकता कायमचीच ठेवावी लागते.

दुर्लक्षाची किंमत पाचच वर्षांनी द्यावी लागली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्याने एक आज्ञावली जाळ्यात सोडली. ती दुसऱ्या आज्ञावलीस न चिकटता स्वतंत्रपणे पसरे, म्हणून तिला ‘कृमी’ म्हणतात. ती लोकांचे संकेतशब्दही ओळखून काढी. त्याकरिता ती वापरणाराचे नाव सरळ व उलटे लावून पाही आणि मग ४३२ शब्दांची एक यादी चालवी. एवढ्यावर कित्येक कुलुपे उघडली! त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे जाळ्यातील सुमारे ६०,००० यंत्रांपैकी ६,००० यंत्रांना बाधा झाली. परंतु या वेळी बर्कले, एम.आय.टी. व पर्ड्यू येथील अभ्यासकांनी त्या कृमीचे अंतरंग उलगडले आणि उपाय एकमेकांस कळविले. अशा प्रसंगी सर्वांना सूचना देणारे ‘सर्ट’ हे केंद्र त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठात स्थापन झाले. भारतात त्याच धर्तीची ‘सर्ट-इन’ ही संस्था २००४ पासून कार्य करीत आहे.

एका शाळाभेटीत मला कार्यालयातील संगणक कापडाने झाकून ठेवलेला आढळला. विचारपूस करता कळले की, एका तरुण शिक्षकाने बाहेरून आणलेला पेन ड्राइव्ह जोडल्यापासून तो बिघडला होता; पण वरिष्ठ रागावतील या भयाने त्याने महिनाभर कोणास सांगितले नाही. तेवढ्या अवधीत तोच पेन ड्राइव्ह शेजारच्या दोन शाळांत जाऊन आला होता. त्या शिक्षकाची चूक लहान होती. पसरली ती भीतीमुळे.

तेव्हा शिक्षकबंधूंनी व भगिनींनी बाहेरचा पेन ड्राइव्ह तपासल्यावाचून जोडू नये, संकेतशब्द म्हणून स्वतःचे अगर शाळेचे नाव ठेवू नये, आणि महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत निराळी ठेवावी. याहून महत्त्वाची जबाबदारी मुख्याध्यापकांची आहे. बिघाड झाल्याचे जो प्रथम येऊन सांगेल, मग तो शिक्षक असो वा चौथीतला विद्यार्थी, त्यास दोष न देता त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. जेथे चूक सांगण्याची मोकळीक असते, तेथेच साथ वेळीच थांबते.