डेलिया

डेलिया : फुलांसाठी बागेत लावण्यात येणारी ही बहुवर्षायू (अनेक वर्षे जगणारी) ओषधीय वनस्पती ॲस्टरेसी (पूर्वीचे नाव कंपॉझिटी) कुलातील आहे. डेलिया या प्रजातीचे मूलस्थान मेक्सिको व मध्य अमेरिका येथील डोंगराळ प्रदेश होय. मेक्सिको सिटीच्या वनस्पती-उद्यानातून व्हिसेंते सेर्व्हांतेस यांनी १७८९ मध्ये तिचे बी स्पेनमध्ये माद्रिदला पाठविले. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोनियो होसे काव्हानिल्येस यांनी १७९१ मध्ये प्रजातीस लिनीअस यांचे स्वीडिश शिष्य आंद्रेस दाल यांचे नाव दिले. यूरोपात आरंभी तिच्या कंदांकडे खाद्य म्हणूनही पाहिले गेले. परंतु त्यांची चव लोकांना रुचली नाही व ती फुलबागेतच राहिली. मेक्सिकोने १९६३ मध्ये डेलियास राष्ट्रीय फुलाचा मान दिला.

बागेतील आजचे प्रकार संकरज व अष्टगुणित असून त्यांत ६४ गुणसूत्रे असतात. त्यामुळे बियांपासून मूळ झाडासारखी संतती मिळत नाही. आवडलेला प्रकार टिकवावयाचा, तर त्याचे कंद किंवा छाट कलमे हाच मार्ग उरतो. सामान्यतः ज्यास आपण फूल म्हणतो तो वस्तुतः अनेक लहान पुष्पकांचा स्तबक असतो. एकेरी प्रकारात मध्यभागी पिवळी बिंब-पुष्पके व कडेने किरण-पुष्पकांची एकच ओळ असते. दुहेरी प्रकारात बहुतेक सर्व पुष्पके पाकळीसारखी झालेली असतात. रंगांची विविधता मोठी आहे, मात्र खरा निळा रंग अद्याप साधलेला नाही. प्रदर्शनांतील वर्गीकरणात स्तबकाचा व्यास २० ते २५ सेंमी. असल्यास तो ‘मोठा’ आणि त्याहून अधिक असल्यास ‘महाकाय’ समजतात. ‘केल्व्हिन फ्लडलाइट’ हा पिवळा ऑस्ट्रेलियन प्रकार महाकाय वर्गात प्रसिद्ध आहे. भारतात रामकृष्ण मिशनचे स्वामी विनयानंद यांनी अनेक नवे प्रकार निर्माण केले.

कंद व डोळा : डेलियाचा कंद म्हणजे अन्नसंचयाने फुगलेले मूळ. बटाटा हे खोडाचे रूपांतर असल्याने त्यावर सर्वत्र डोळे असतात. डेलियाच्या मुळावर ते मुळीच नसतात. डोळे असतात ते मुळे जेथे जुन्या खोडास मिळतात त्या मानेपाशी. म्हणून मान तुटलेला कंद कितीही गुबगुबीत दिसला, तरी त्यापासून झाड होत नाही. मात्र बोटाएवढा कंद मानेचा तुकडा व एक सजीव डोळा यांसह असेल, तर पुरतो. नवशिक्यांची पहिली फसगत येथेच होते. खरेदी केलेले किंवा राखून ठेवलेले झुबके ओलसर वाळूत मान उघडी ठेवून सावलीत मांडावेत. डोळे फुगू लागले की धारदार चाकूने प्रत्येक भागास एक डोळा येईल असे झुबके विभागावेत. कोंब ७–८ सेंमी. झाले म्हणजे ते तळापासून काढून वाळूत लावल्यास सु. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. प्रदर्शनासाठी फुले हवी असल्यास कंद सरळ वाफ्यात लावण्यापेक्षा ही कलमे अधिक भरवशाची असतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लागवड : महाराष्ट्राच्या पठारी भागात पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर–ऑक्टोबरात लागवड करतात व डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात फुले मिळतात. उशीर झाल्यास नुकसान होते. दिवस १२ तासांहून लहान झाला की वनस्पतीचा कल कंद पोसण्याकडे वळतो आणि पुण्यात डिसेंबरात दिवस सु. ११ तासांचाच असतो. तोवर झाडाची वाढ झालेली नसेल, तर ते खुजे राहते व फुले लहान येतात.

जमीन निचऱ्याची हवी. भारी काळ्या जमिनीत वाळू व पालापाचोळ्याचे खत मिसळून उंच वाफे करावेत. चांगले कुजलेले शेणखत, हाडांचा चुरा व निंबोळी पेंड पुरेशी होतात. नत्रयुक्त खतांचा अतिरेक केल्यास पाने माजतात, खोड पोकळ व ठिसूळ होते आणि कंद साठवणीत टिकत नाहीत. मोठ्या प्रकारांत दोन झाडांत ७५–९० सेंमी. अंतर ठेवावे. आधाराची काठी लावणीपूर्वीच रोवावी. मागाहून रोवल्यास ती नेमकी कंदात घुसते.

झाडास पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की शेंडा खुडतात. फुटणाऱ्या फांद्यांपैकी मोठ्या फुलांसाठी तीन-चारच राखाव्यात. कुंडीत एकच फूल घेणारेही पुष्कळ आहेत. प्रत्येक फांदीच्या टोकास साधारणतः तीन कळ्या येतात. त्या वाटाण्याएवढ्या झाल्या की मधली ठेवून बाजूच्या दोन काढतात व खालच्या दोन-तीन पेऱ्यांच्या बगलेतील फूटही खुडतात. घरच्या बागेत हेच काम बहुधा राहून जाते. चांगली कळी तोडण्यास हात धजत नाही आणि मग डझनभर मध्यम फुले येतात. त्यात वावगे काही नाही, पण मग प्रकाराला दोष देऊ नये. कळीवर रंग दिसू लागला की पातळ खत देणे थांबवावे.

कंदांची साठवण : शीत देशांत हिमतुषाराने पाने काळी पडल्यावर कंद काढतात व गोठण्यापासून जपतात. आपल्याकडे वैरी दोन : एप्रिल-मेचे ऊन कंद सुकविते आणि पुढचा पावसाळा ते कुजवितो. फुले संपल्यावर पाणी हळूहळू तोडावे, खोड १०–१५ सेंमी. ठेवून कापावे व काही दिवसांनी माने न मोडता झुबका उचलावा. पोकळ खोडात साचलेले पाणी निथळावे म्हणून तो उलटा ठेवतात. नंतर गंधकाची भुकटी लावून कोरड्या वाळूत, थंड व हवेशीर जागी ठेवतात. दर महिन्यास पाहणी करून कुजलेला भाग कापून टाकावा. सुरकुतलेल्या कंदांवर पाण्याचा हलका शिडकावा पुरतो. कोकणातील दमट हवेत ही पद्धत वारंवार फसते. तेथे जानेवारीत केलेली कलमे लहान कुंड्यांत, पावसाच्या आडोशास जिवंत राखणे बरे.

रोग व किडी : भुरी, मावा, फुलकिडे व लाल कोळी यांचा उपद्रव नेहमीचा असून वेळीच उपाय केल्यास आटोक्यात राहतो. व्हायरसजन्य केवड्याची गोष्ट वेगळी आहे. पानांच्या शिरांलगत फिकट पिवळे पट्टे पडतात, पाने वेडीवाकडी होतात व झाड खुरटते. काही प्रकारांत लक्षणे जवळजवळ दिसतच नाहीत. मावा हा रोग पसरवितो आणि एकदा शिरलेला व्हायरस कंदांतून व कलमांतून दरवर्षी पुढे जातो. त्यावर औषध नाही. ज्या प्रकाराची फुले वर्षागणिक लहान होत जातात, त्याचा ‘वाण उतरला’ असे म्हणण्याची पद्धत आहे; पुष्कळदा तो व्हायरसच असतो. दहा वर्षे जपलेला झुबका टाकणे जिवावर येते, तरीही असे झाड कंदांसह उपटून जाळावे, त्यावर वापरलेला चाकू निर्जंतुक करावा आणि त्याचे कंद शेजाऱ्यापाजाऱ्यांस देऊ नयेत.